सगुणाआत्याचा कांदा

आमच्या गावात सगुणाआत्याची एक गोष्ट सांगतात. पारावर, लग्नाच्या मांडवात, एसटीची वाट बघताना — कुणी जरा हावरटपणा केला की ती गोष्ट हमखास निघते. गारपिटीच्या साली आत्यानं स्वतःचा कांदा रानात कुजू दिला, पण भाच्याचा आधी काढायला लावला — अशी ती गोष्ट. तो भाचा मी. आणि ती गोष्ट खोटी आहे.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडील होते तोवर त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आत्याला कधी पाहिलं नाही म्हणून असेल. तिला ओळखणाऱ्या माणसासमोर माझी जीभच उचलत नाही.

आधी आत्या सांगतो. वडिलांची ही धाकटी बहीण, गावातल्या गावात दिलेली. आमच्या अंगणातून हाक मारली की तिच्या चुलीपाशी ऐकू जाई — आणि तिची हाक तर पार आणे पठारावर ऐकू जात असेल, असं वडील म्हणत. मामा, म्हणजे तिचा नवरा, ट्रकवर ड्रायव्हर. तो कधी उगवायचा तो उगवायचा. शेती सगळी तिच्या अंगावर. ठेंगणी, सावळी, कोंबड्यांशी भांडणारी, आणि चहा इतका गोड करणारी की ओठ चिकटावेत. माझ्यावर तिचा भारी जीव. आईनं मारलं की मी तिच्याकडे पळायचो आणि ती आधी खायला द्यायची, मग स्वतः एक धपाटा घालायची.

तिची एक खोड होती. गिरणीत, विहिरीवर, पंगतीत, कुठंही — ‘माझं मागनं धरा.’ दळणाचा डबा पहिल्यानं नेऊन ठेवायची आणि मागून आलेल्या प्रत्येकीला पुढं जाऊ द्यायची. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. ती हसायची आणि पुन्हा तेच करायची. ही खोड लक्षात ठेवा. माझं पाप त्या खोडीवरच उभं आहे.

आणि तिचा कांदा. बुटका, चपटा, गडद लाल. चिरला की शेजारच्या घरातही डोळ्यांना पाणी. हे बी तिच्या सासूच्याही सासूपासून चालत आलेलं. दरसाल ती चांगले कांदे निवडून बियाण्यासाठी लावायची. त्याला आम्ही डोंगळे म्हणतो — हिरव्या नळ्या उभ्या राहतात आणि टोकाला पांढरे गोंडे येतात. त्या गोंड्यांत पुढच्या सालाचं बी. बाकी आम्ही सगळे दुकानातून पाकीट आणणारे, कारण पाकिटाचा कांदा मोठा होतो, बाजारात उठून दिसतो. आत्या आम्हाला ‘पाकिटवाले’ म्हणून चिडवायची. तुमचा कांदा श्रावणातच नरम पडतो, माझा दिवाळीला खडखडीत — असं बराखीतला कांदा हातात वाजवून दाखवायची. बराख म्हणजे आमच्याकडं कांदा साठवायची हवेशीर झोपडी. दिवाळीला तोच कांदा ती घरोघर टोपली भरून वाटायची. तिच्यासारखा कांदा पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडं उरला नव्हता.

नव्वदच्या दशकातलं ते एक साल. शिमगा तोंडावर आला होता, पहाटेची थंडी अजून होती. मी नुकताच भोसरीची कंपनी सोडून गावी आलो होतो. सोडून म्हणा, पळून म्हणा. वडील ‘पळून’ म्हणत, तेही चारचौघांत. मला त्यांनी ओढ्याकडचा एक तुकडा तोडून दिला होता — करून दाखव म्हणाले. मी कांदा केला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काही केलं होतं आणि ते झकास आलं होतं. तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय बघतो? मी रोज संध्याकाळी नुसता बांधावर जाऊन उभा राहायचो.

दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा आल्या. आईनं अंगणात लोखंडी पहार फेकली, तशानं गारा थांबतात म्हणून. थांबल्या नाहीत. पत्र्यावर इतका आवाज, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. कौलं फुटली, आंब्याचा मोहोर झडला, ओढ्याकाठच्या बाभळीखाली बगळे मरून पडले. उघडल्यावर बाहेर आलो तर रान पांढरं. भिंतींच्या कडेला गारांचे ढीग, लहान पोरं ते ताटल्यांत भरून खात होती. आणि वास! अख्ख्या गावाची कांद्याची पात चेचली गेली होती. घराघरात, देवळात, अंगावरच्या कपड्यांना, सगळीकडे चिरलेल्या कांद्याचा वास.

गारांत सगळे घरात पळाले तेव्हा आत्या मात्र उलटी रानात पळाली होती. दोन गोधड्या घेऊन — डोंगळे झाकायला! एकही वाचला नाही. नळ्या मोडून चिखलात पडल्या होत्या. तिच्या कपाळाला खोक पडली आणि उजवा हात मनगटापासून सुजून टम्म झाला. मी संध्याकाळी गेलो तर हळद लावून बसली होती. मला जवळ बसवलं आणि म्हणाली,

“बाळू, डोंगळं गेलं. आता बी वाचलं तर जमिनीतल्या कांद्यातच वाचंल. त्यो पावसाच्या आधी निघाया पायजे. उद्या समदी पारावर बसतील, माझ्यानं येववत न्हाई. तू सांग, ह्या बारीला माझं पयलं धरा. मला मागाया लई लाज वाटती बग.”

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, एवढं तरी खरं आहे.

आमच्याकडं सावड असते. आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नाही, माणसाला माणूस. एरवी ज्याचं पीक आधी तयार, त्याचं आधी. पण गारपिटीनंतर सगळ्यांचंच एकदम काढायला आलं. पात फुटली की पावसाचं पाणी मानेतून कांद्यात उतरतं आणि तो आतून सडतो. आभाळ अजून भरलेलंच होतं. तेव्हा कुणाचं पहिलं, याला त्या दिवशी फार मोल होतं.

सकाळी पारावर सगळे जमले. तात्या, आमच्या भावकीतला वडीलधारा माणूस, तेच नेहमी नंबर लावायचे. त्यांनी विचारलं, सगुणाचं काय? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं. समोर वडील बसले होते, विडी पेटवत. आणि मी म्हणालो —

“आत्या म्हनली, माझं मागनं धरा.”

बस, एवढंच. कुणाला शंकाही आली नाही. उलट सगळे हसले. तात्या म्हणाले, “म्हननारच ती! मग बाळूचं घ्या पयलं. पयल्यांदाच कांदा केलाय पोरानं.” वडिलांनी विडी तोंडातून काढून माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. ती मान हललेली मला फार गोड वाटली. काय करू, वाटली.

पण तुम्ही म्हणाल, तोंडातून गेलं, घाबरला पोरगा. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत होतो. खरं वाईट पुढं आहे.

त्याच सकाळी सगळे माझ्या रानात आले. आत्यासुद्धा. सुजलेला हात पदरानं गळ्यात बांधून. सावडीला घरटी एक माणूस द्यायचं असतं आणि तिच्या घरात दुसरं होतं कोण? वाटेत तिनं फक्त विचारलं, “तुजं पयलं ठरलं व्हय?” मी म्हणालो, तात्यांनी ठरवलं. “बरं झालं,” म्हणाली, आणि डाव्या हातानं कांदा उपटायला बसली.

जेवायच्या सुट्टीच्या आधी तात्या सरीवरून तिच्याजवळ आले आणि सगळ्यांदेखत रागावले. “सगुणे, आगं ह्या टायमाला तरी मागं ऱ्हायाचं नव्हतं. तूच सांगून धाडलंस, म्हनून आमी तुझं शेवटी धरलं.”

आत्याच्या हातात एक कांदा होता. माझा. तिनं त्याची माती झाडली. मग माझ्याकडं पाहिलं. मी पलीकडच्याच वाफ्यात होतो, इतका जवळ की तिच्या कपाळावरची हळद दिसत होती. राग नव्हता तिच्या नजरेत. ती नुसती वाट बघत होती. बराच वेळ. निम्मा दिवस शिल्लक होता, माणसं जमलेली होती, तिचं रान हाकेच्या अंतरावर होतं. मी एक शब्द बोललो असतो तर सगळे विळे उचलून तिकडं गेले असते.

मी खाली बघून पात कापत राहिलो.

“खोडच हाय माझी ती,” आत्या म्हणाली. “जित्याजी जायची न्हाई.” सगळे हसले.

तिचा नंबर यायच्या आदल्या संध्याकाळी पाऊस आला. साधा पाऊस, गाराही नव्हत्या, पण रात्रभर लागून राहिला. माझा कांदा तेव्हा बराखीत कोरडा होता. आत्याचा आम्ही काढला तो चिखलातून. वरून बरा दिसायचा आणि मान दाबली की बोट आत जायचं. त्यातूनही तिनं निवडून एक टोपली काढली, घरात दोरीवर जुड्या टांगल्या, रोज चाचपून बघायची. एकेक करत काळे पडले. दिवाळीला वाजवून दाखवायला एकही राहिला नाही.

लावणीच्या वेळी मी नारायणगावला बी आणायला निघालो तर ती ओट्यावर बसली होती. म्हणाली, “मलाबी आन रं एक पाकीट.” आणि स्वतःच हसली. मी आणलं. तिनं पाकीट उलटसुलट करून बघितलं, वरचं चित्र बघितलं आणि म्हणाली, लई गोरा कांदा हाय.

पुढं मी तिचं सगळं केलं. छप्पर शाकारलं, मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं, मामा गेल्यावर तिचं रानही कसलं. गावानं मला डोक्यावर घेतलं — भाचा असावा तर असा. मी ते कौतुकही घेतलं. बाजारात गेलो की डोळे त्या बुटक्या लाल कांद्याला शोधायचे. आळेफाट्यावर, घोडेगावात, पार तळेघरपर्यंत विचारत गेलो. कुणाकडं नव्हता.

एकदा तिला लेण्याद्रीला नेलं होतं. पायऱ्यांवर तिचं नेहमीचंच, कडेला उभी राहून मागच्यांना पुढं सोडणं. अर्ध्यात दोघं टेकलो. वारा छान होता, खाली रानं दिसत होती, आणि माझा धीर गोळा झाला. मी म्हणालो, आत्या, एक सांगायचंय. ती म्हणाली, “खाली गेल्याव सांग. हितं दम लागतोय मला.” खाली आलो तर तिनं आधी उसाचा रस मागितला. मग कुणाच्या तरी सुनेचा विषय काढला आणि गाव येईपर्यंत तोच चालवला. मी काय सांगणार ते तिला कळलं होतं का? म्हणून मला सोडवत होती का ती? मला काय, मी सुटल्यासारखा रस प्यायलो. वर आणखी एक ग्लास मागितला.

दहाएक वर्षांनी आत्या गेली, फारसं कुणाला न दमवता. दहाव्याला नदीवर सगळं गाव होतं. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, बघा, कसली इच्छा म्हणून मागं राहिली नाही तिची. मग आमच्याकडं असतात तशी भाषणं झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. आणि कुणीतरी माईक माझ्या हातात दिला — बाळासाहेब, ती गारपिटीची गोष्ट तुमच्या तोंडून होऊ द्या.

तात्या समोर बसले होते, पार म्हातारे झालेले. वडील होते. आत्याला आता कशाचाच त्रास होणार नव्हता.

मी सांगितली. अगदी रंगवून सांगितली. गोधड्या घेऊन पळालेली आत्या, सुजलेला हात, सगळं सांगितलं. आणि मग म्हणालो — एवढं सगळं होऊनही आत्या म्हणाली, माझं मागनं धरा. लोकांनी डोळे पुसले. मीही पुसले, आणि ते पाणी खरं होतं.

आत्या तसं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, ह्या बारीला माझं पहिलं धरा.