लेम्पीचा दिवा आणि वेइकोची भिंत

वेइको राटिकाइनेनचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. स्टोव्हमध्ये लाकडं सारायची, कॉफी ठेवायची, बायकोच्या उशाशी पाण्याचा पेला ठेवायचा आणि अंधारातच कॅनडातल्या थंडर बे गावच्या धान्यकोठाराची वाट धरायची. मीही तिथंच कामाला होतो. आयुष्यभर आम्ही दोघांनी धान्य वाहणाऱ्या एकाच पट्ट्याखाली गहू उपसला. त्याच्याइतकं नेटकं फावडं चालवणारा दुसरा पाहिला नाही. त्याच्याइतका डोकं उठवणाराही नाही.

त्याची बायको लेम्पी. संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली होती, उशाजवळच्या दिव्याची बारीक खुंटी तिला फिरवता येईना. आमच्याकडे हिवाळ्यात उजाडायला नऊ वाजतात. वेइको दिवा लावून गेला तर तिला झोप लागायची नाही, विझवून गेला तर उजाडेपर्यंत पडून राहायचं. एकदा ती अंधारात उठली आणि स्टोव्हच्या कडेवर पडली. तिची बहीण आइली म्हणाली, माझ्याकडे राहायला ये. लेम्पीला आपलं घर सोडायचं नव्हतं. पण ईस्टरपर्यंत काही सोय झाली नाही तर जाईन, असं तिनं वेइकोला सांगून टाकलं.

नुसता हात लावला की लागणारे दिवे तेव्हा दुकानात मिळू लागले होते. एकदा हात लावला की मंद, मग मध्यम, मग पूर्ण, मग बंद. एक आणून टाक, मी म्हटलं. वेइको म्हणाला, आत कुणी काय कोंबलंय ते मला दिसल्याशिवाय बायकोच्या उशाशी ठेवणार नाही. त्यानं मासिकातला अशा दिव्याच्या जोडणीचा नकाशा घेतला, टोरांटोहून सुटे भाग मागवले आणि तिच्या आईच्या पितळी दिव्याच्या बैठकीत ते सगळं बसवलं. बोटाला झटका बसू नये म्हणून वाटेत वीज अडवणारे दोन मोठे रेझिस्टर घातले, एक जळाला तरी दुसरा हवा म्हणून. काम चोख होतं, त्याबद्दल वाद नाही.

कोठारातल्या जेवणाच्या खोलीत त्यानं तो लावून दाखवला. सगळ्यांनी हात लावून पाहिला. दर वेळी चालला.

घरी नेला आणि चालेना.

त्याचं असं की, नव्या प्लगची न्यूट्रलकडची चपटी पात रुंद असते, म्हणजे तो उलटा बसू नये; उलटा बसला तर असल्या दिव्याला हात लागलेला कळत नाही. वेइकोच्या जुन्या सॉकेटच्या दोन्ही फटी अरुंद. म्हणून त्यानं रुंद पात कानशीनं घासली आणि विसर पडू नये म्हणून तिच्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. लाल नेहमी डावीकडे. घराची वायरिंग त्यानंच केली होती, न्यूट्रल डावीकडे आहे हे त्याला पाठ होतं.

मग सुरू झालं. आधी म्हणाला, हवा कोरडी आहे, आणि खोलीत दिवसभर किटली उकळत ठेवली. मग म्हणाला, स्पर्श ओळखणारी आतली चिप खराब आहे. दुसरी मागवली, सगळं उकलून पुन्हा जोडलं. मग पितळेवरच्या रोगणावर संशय आला. सासूच्या दिव्याचं रोगण त्यानं पॉलिशपेपरनं उतरवलं, तेव्हा लेम्पी दोन दिवस बोलली नाही. दिवा परत कोठारात आणला. चालला. घरी नेला. बंद. शेवटी तो तिला हात ओला करून लावायला सांगू लागला.

"मी मेलेय असं ठरवलंय त्या दिव्यानं," लेम्पी मला म्हणाली. "आणि हा त्याचीच बाजू घेतोय."

मी प्लग उलटा करून बघ म्हटलं. वेइको माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी गव्हात वाळू मिसळ म्हणालो.

एका शनिवारी मी त्यांच्याकडे साउनाला, म्हणजे वाफेच्या अंघोळीला गेलो होतो. वेइको बाहेर साउनाच्या चुलीत लाकडं घालत होता. लेम्पीनं नजरेनंच प्लग दाखवला.

"सूलो, फिरव तो. मी सांगतेय म्हणून फिरव."

मी फिरवला. तिनं बोटांची मागची बाजू पितळेला टेकवली आणि मंद उजेड पडला. पुन्हा टेकवली, वाढला. ती पुन्हा पुन्हा टेकवत राहिली.

वेइको आत आला. त्यानं दिव्याकडे पाहिलंच नाही, आधी सॉकेटकडे पाहिलं. लाल ठिपका उजवीकडे होता. त्यानं टेस्टर आणला आणि एकेक खोली तपासली. बाकी घर बरोबर होतं. झोपायच्या खोलीत मात्र फेज आणि न्यूट्रल उलटे. चूक त्याच्याच हातची. घर बांधलं तेव्हापासूनची.

मग या माणसानं काय करावं? त्यानं प्लग उपटला.

"भिंत चुकीची असताना दिवा बरोबर लावायचा नाही," तो म्हणाला. "बर्फ वितळलं की सगळी भिंत उघडतो."

"इतकी वर्षं भिंत चुकीचीच होती, तेव्हा मेलो का आपण?" लेम्पी म्हणाली. "मला उद्या पहाटे उजेड पाहिजे. आणि आता त्या भिंतीला तू हात लावायचा नाहीस. माणूस बोलाव."

पैसे मोजून दुसऱ्याला आपल्या घरात काम करू देणं वेइकोला आयुष्यात जमलं नव्हतं. तो म्हणाला, माझ्या भिंतीत परक्याला हात घालू देणार नाही. ती म्हणाली, ठीक आहे, मग आइलीकडे पहाटे मला कॉफी कोण देतं ते विचारायला ये. सूलो, माझी पेटी काढ.

मी खरंच पलंगाखालून पेटी ओढली. वेइकोनं ती पायानं परत आत सारली आणि प्लग लावला. लाल उजवीकडे.

सोमवारी इलेक्ट्रिशियन आला. वेइको कधी रजा घेत नसे, त्यानं त्या दिवशी घेतली आणि त्या माणसाच्या मागे विजेरी धरून उभा राहिला. वायर इतकी सोलू नको, स्क्रू आणखी आवळ, असं चाललं होतं. लेम्पी पलंगावरून म्हणाली, "बोलू दे त्याला, तू आपलं काम कर." त्या हिवाळ्यात कोठाराच्या तळाशी धूळ गिळत त्यानं जी जादा पाळी केली, तिची सगळी मजुरी एका खोलीतल्या दोन वायरींची अदलाबदल करायला गेली.