चौथी टोपी

बाबांना चोर म्हटलं ते आमच्याच अंगणात, दिवसाढवळ्या, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात. म्हणणारा मुंबईहून आला होता आणि त्याच्या हातात मोटारीच्या चाकाची टोपी होती.

नीट सांगते. बाबा एका आंबा बागायतदाराकडे ड्रायव्हर होते. सव्वीस वर्षं त्यांनी मालकांची एकच गाडी चालवली, लढाईच्या आधीची, विलायतेहून आलेली. मालक वारले, गाडी मांगरात, म्हणजे बागेतल्या कोठीत, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांआड जाऊन उभी राहिली आणि बाबाही घरी बसले. पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला मालकांच्या मुंबईतल्या मुलाला तिची आठवण झाली. तिकडे म्हणे जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, बक्षिसं मिळतात, पण गाडीचा भाग न् भाग मूळचा लागतो. म्हणून तो एका जाणकाराला सोबत घेऊन आला.

जाणकाराजवळ इंग्रजी पुस्तक होतं, बॅटरी होती. चाकांच्या मधोमध बसणाऱ्या त्या चार गोल टोप्या त्याने काढून ओळीने मांडल्या. तीन अगदी एकसारख्या, चकचकीत, वर कंपनीची अक्षरं ठसठशीत. चौथीची अक्षरं झिजलेली, कडेला हिरवे डाग. त्याने निकाल दिला, तीन ओरिजिनल, एक डुप्लिकेट. ड्रायव्हर लोक खरी विकतात आणि खोटी बसवतात, हेही वर ऐकवलं. मालकांचा मुलगा ती चौथी घेऊन तडक आमच्या अंगणात आला.

बाबा खाली बघत एवढंच म्हणाले, “माला नाय ठाऊक.”

मला राग आला तो बाबांचा. ज्या माणसाने मालकांच्या गाडीत स्वतःच्या बायकोला बाळंतपणासाठीसुद्धा बसवलं नाही, त्याने मान का खाली घालावी? त्या संध्याकाळी ते नाक्यावर चहाला गेले नाहीत. जेवताना भात चिवडला आणि उठले. एकदा चोर म्हटलं की वाडीत ते नाव मेल्यावरही पुसत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

पण ती टोपी त्याने माझ्या नाकासमोर नाचवली होती आणि ते हिरवे डाग मी पाहिले होते. दर सोमवारी हंडे-कळशा घासणारीला कळंक ओळखायला इंग्रजी पुस्तक लागत नाही. आमच्या खाऱ्या हवेत लोखंड तांबडं होतं आणि पितळ हिरवं. मग ती विलायतेहून का आलेली असेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूठभर चिंच आणि मीठ कागदात बांधलं.

“कुठं चाललंस?” बाबांनी विचारलं.

“मोठ्या घरी.”

“नको गो जाऊस. ऱ्हाऊंदे तां.”

“तुमी बसा घरात,” म्हटलं आणि निघाले. माझं लग्न जमत नाही ते माझ्या जिभेपायी, असं आई म्हणायची. म्हणू दे.

मालकांच्या त्या मोठ्या घराच्या ओटीवर मालकीणबाई झोपाळ्यावर होत्या, मुलगा आणि जाणकार चहा घेत होते. मी चौथी टोपी मागून घेतली, चिंच भिजवली आणि कडेला झिजलेल्या जागी घासू लागले. जाणकार हसला. जरा वेळाने वरच्या मुलाम्याखालून पिवळं धमक पितळ दिसायला लागलं, तेव्हा हसायचा थांबला. मग मी चकचकीतपैकी एक उलटी केली आणि आतून बोट फिरवून त्याला दाखवलं. बोट तांबडं झालं होतं.

“लोखंडी पत्रा आहे हा,” मी म्हटलं. “बाकीच्या दोन्ही बघा. तीन सारख्या आहेत म्हणून त्या खऱ्या, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

माणूस प्रामाणिक होता. तिन्ही उलट्यापालट्या करून बघितल्या, नखाने खरवडल्या आणि म्हणाला, “बाई बरोबर बोलतायत. हीच एक ओरिजिनल.”

मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात मालकांचा मुलगा म्हणाला, “म्हणजे एक नाही, तीन गेल्या.”

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. बाबांना सोडवायला आले आणि एका चोरीच्या तीन करून बसले. तरी मागे हटले नाही. म्हटलं, “काल चोर म्हणालात तेव्हा खरी कुठली तेच तुम्हाला कळत नव्हतं. आज तरी दमानं घ्या.”

“मी सांगतो,” मागून आवाज आला. बाबा पायरीशी उभे होते, चप्पल काढून. माझ्या मागोमाग कधी आले, कळलंच नव्हतं.

ते मुलाकडे बघत नव्हते, मालकीणबाईंकडे बघत होते. “वैनी, मालक पत्त्यात हरले त्या. कोल्हापुरास. तीन डाव गेले, तीन टोप्या गेल्या. चौथ्या डावाला गाडीच लावली व्हती, तो जिंकले म्हणून ती घरी आली. तिथंच पत्र्याच्या करून घेतल्या. मला म्हणाले, घरात कळता नये. मी शब्द दिला व्हता.”

मालकीणबाईंनी पायाने झोपाळा थांबवला. नवऱ्याने कधी पत्त्याला हात लावला नाही, हे त्या चारचौघांत अभिमानाने सांगत. त्या उठून आत गेल्या.

मुलगा हळूच “सॉरी” म्हणाला. मी म्हटलं, “इथं नको. काल जिथं म्हणालात तिथं येऊन म्हणा.” त्याच दिवशी तो आला आणि आमच्या अंगणात उभं राहून, शेजारची दोन्ही घरं बाहेर आलेली असताना, चुकलो म्हणाला. त्याचं हे मात्र मी मानते.

तो गेल्यावर बाबा मला म्हणाले, “माजा नाव ऱ्हायला. त्यांचा गेला. मेलेल्या माणसाला आता कोण इचारणार, खरा काय झाला?”

मी म्हटलं, मेलेल्याच्या नावासाठी जिवंत माणसाने चोर व्हायचं, हा कुठला न्याय? बाबा पुढे बारा वर्षं जगले, नाक्यावर ताठ मानेने चहा प्यायले, पण मोठ्या घराची पायरी पुन्हा चढले नाहीत. मी त्यांना शब्द मोडायला लावला, याबद्दल त्यांनी मला कधी माफ केलं नाही, आणि मीही कधी माफी मागितली नाही.