मोरिताबाईंचा डबा

माझ्या मुलीच्या नोकरीचा इंटरव्ह्यू तिच्याऐवजी मी दिला. तो देताना माझ्या अंगावर फक्त एक छोटा टॉवेल होता, आणि तोही डोक्यावर.

नीट सांगते, नाहीतर भलताच समज व्हायचा. आमची मुक्ता अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमध्ये वाढली. तिच्या बरोबरची सगळी मुलं डेटा सेंटरमध्ये नाहीतर हॉस्पिटलमध्ये चिकटली. मुक्ताने मात्र हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि व्हर्जिनियाच्या पश्चिमेला, डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यावर बांधलेल्या एका जपानी हॉटेलात असिस्टंट मॅनेजर म्हणून लागली. हॉटेल इतकं भारी की तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही. (वाऱ्यालासुद्धा बहुतेक आवाज कमी करायला सांगितलेला असावा!) नोकरी अजून प्रोबेशनवर होती. कायम करायचं की नाही, हे ठरवणार होत्या मालकीणबाई, मोरिताबाई, वय ऐंशीच्या घरात. आणि त्यांची एक जुनी पद्धत होती. माणूस कायम करण्याआधी त्या त्याच्या आईवडिलांना दोन रात्री पाहुणे म्हणून बोलावत. पोर कुठल्या घरातून आलंय, ते बघायला.

"म्हणजे एक्झॅम तुमची आहे," मुक्ता फोनवर म्हणाली.

"मग काय काळजी? मी असं करते..."

"नो! आई, डोन्ट डू एनीथिंग. प्लीज. यू आर अ गेस्ट. गेस्ट काहीही करत नाही. भांडी उचलायची नाहीत. बेड आवरायचा नाही. किचनमध्ये डोकवायचं नाही. आणि खायला काही आणायचं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही!"

मी शब्द दिला. (डिकीत जी पिशवी ठेवली ती प्रवासासाठी होती. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं गोड लोणचं. उपाशी मरायचं का माणसाने?)

श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, यात एकाच गोष्टीत रस होता, गरम पाण्यात. त्याच्या कमरेने त्याच्याशी असहकार पुकारल्याला काही वर्षं झाली. "मी दोन दिवस पाण्यात बसणार. नोकरीचं तुम्ही मायलेकी बघा," असं म्हणून त्याने गाडी सुरू केली, आणि रस्ताभर त्याचा टॉवेल मांडीवर होता.

हॉटेलच्या दारातच, लॉबीतल्या मोरिताबाईंच्या फोटोसमोर, आम्हाला बूट काढायला लावले. श्रीकांत खूश! "तीस वर्षं आपण या देशाला हेच सांगतोय," तो म्हणाला. खोलीत चटईची जमीन, कागदाची सरकती दारं, आणि घालायला प्रत्येकी एक सुती झगा, ज्याला युकाता म्हणतात. आम्ही झगे चढवून पाहुण्यांसारखे बसलो. तेवढ्यात दार सरकलं आणि डेबी आली. डेबी इथलीच, खालच्या खोऱ्यातली, साधारण माझ्याच वयाची, किमोनो नेसलेली. तिने दारात गुडघे टेकले, चहा ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

आता तुम्हीच सांगा. आपल्या वयाची बाई गुडघे टेकून वाकते आणि आपण ढिम्म बसून बघायचं? मीही गुडघे टेकले आणि वाकले. ती आणखी वाकली. मी आणखी वाकले. मग उठायची वेळ आली, आणि तिचे गुडघे आणि माझे गुडघे एकाच कारखान्यातले निघाले.

"ओ लॉर्ड," डेबी म्हणाली.

"अगं आई गं," मी म्हणाले.

श्रीकांतने एकेका हाताने आम्हाला दोघींना ओढून उभं केलं आणि त्याची कंबर तिथल्या तिथे धरली. आम्ही आल्यावर ठेवलेला चहासुद्धा अजून गार झाला नव्हता.

रात्रीचं जेवण खोलीतच आलं. भातुकलीत असतात तेवढ्याशा वाट्या, एकीसारखी दुसरी नाही. एकीत भोपळ्याची एक फोड, एकीत चार वाटाणे, एकीत नुसतंच एक पान. (ते खायचं नव्हतं. श्रीकांतने खाल्लं.) डेबी म्हणाली, भांडी न्यायला मी थोड्या वेळाने येते. ती गेली आणि मी त्या खरकट्या वाट्यांकडे बघत बसले. किती वेळ बघणार? उठले आणि बाथरूमच्या बेसिनमध्ये, त्यांच्याच संत्र्याच्या वासाच्या साबणाने, सगळ्या घासून काढल्या. पुसून ट्रेमध्ये मांडल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या रिकाम्या आहेत.

आमच्या घरातून कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. माझी आई घालायची, मी घालते. अमेरिकेत तर मी मैत्रिणींना दह्याचे प्लास्टिकचे डबेसुद्धा भरून परत केलेत, जे कुणी परत मागतही नाही!

"मुक्ताने काही करायचं नाही म्हणून सांगितलंय," श्रीकांत म्हणाला.

"हे कुठे काही करणं आहे? हे न करता कसं राहायचं, ते तू सांग."

मग मी एका वाटीत लाडू ठेवला, एकीत शंकरपाळे, एकीत चिवडा. डेबी ट्रे न्यायला आली आणि बराच वेळ वाट्यांकडे बघत राहिली.

"मॅम, तुम्हाला जेवण आवडलं नाही का?" तिने तिच्या इंग्रजीत, जपून विचारलं.

"नो, नो! धिस इज होममेड! फॉर यू! फॉर मॅडम!"

सकाळी श्रीकांत टॉवेल खांद्यावर टाकून झऱ्याकडे निघाला तर दारात डेबी. तिच्या हातात काळाभोर, चकचकीत लाकडी डबा, झाकणावर सोनेरी बगळा. आत पानात गुंडाळलेल्या तांदळाच्या मिठाया. मोरिताबाईंनी आभार मानून पाठवल्या होत्या.

"थांब," मी श्रीकांतला म्हणाले. "डबा आलाय."

"मग?"

"मग परत नको का करायला? डिकीतून पिशवी आण."

मी डब्यात पुऱ्या भरल्या आणि पाठवल्या. श्रीकांतने पुन्हा टॉवेल उचलला तोवर डबा परत आला, आत खारवलेल्या आलुबुखारांची बरणी. मी लिंबाचं लोणचं पाठवलं. श्रीकांत दारापर्यंत पोहोचला आणि रेशमी कापडात बांधलेली डब्यांची जोडी आली. आता डबे दोन झाले होते! आणि माझी पिशवी रिकामी.

"खाली गावात एखादं दुकान असेल," मी म्हणाले.

"मी पाण्यात बसायला आलोय!"

"पाणी कुठे पळून जातंय?"

तो बिचारा युकात्यावर जॅकेट चढवून गाडी घेऊन गेला. खोऱ्यातल्या त्या दुकानात बेसन कुठून मिळणार? पीनट बटर, ओट्स आणि मेपल सिरप घेऊन आला. मी चटईवर फतकल मारून त्याचे लाडू वळले. दोन्ही डबे भरले. दिसायला झकास झाले होते. चवीबद्दल श्रीकांत काही बोलला नाही, कारण त्याचं तोंड चिकटलं होतं.

दुपारी दार धाडकन सरकलं. (कागदाचं दार धाडकन सरकवायला कौशल्य लागतं.) मुक्ता! हॉटेलच्या गणवेशात, चेहरा लाल, आणि इथे मोठ्याने बोलायचं नाही म्हणून कुजबुजत ओरडत होती.

"आई! व्हॉट डिड यू डू?"

"मी? मी फक्त डबा परत केला!"

"किचनमध्ये टोटल पॅनिक आहे! शेफने डिनरची तयारी थांबवलीये. ही इज मेकिंग चेस्टनट स्वीट्स, बाय हँड, फॉर यू! मोरिता-सान म्हणतात, आधी हे करा, बाकी सगळं नंतर. त्यांच्यात काही आलं की परत द्यावंच लागतं, आई. इट्स अ थिंग!"

"हो?" माझे डोळेच भरून आले. "किती चांगले लोक आहेत गं."

"नॉट चांगले! तू थांबू शकत नाहीस, त्या थांबू शकत नाहीत! धिस विल नेव्हर एंड! आणि असं कोण करतं, आई? नोबडी डज धिस!"

श्रीकांत चटईवर आडवा पडला होता. तिथूनच शांतपणे म्हणाला, "कुणीतरी एकदा डबा रिकामा पाठवायला हवा."

मुक्ता माझ्यासमोर खाली बसली. तिचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. "आई, आय रिअली वॉन्ट धिस जॉब. मला इथे खूप आवडतं."

तिने आजवर आमच्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. मी म्हटलं, संपलं, यापुढचा डबा रिकामा जाईल. संध्याकाळी चेस्टनटची मिठाई आली. मी ती काढून घेतली, डबा पुसला, झाकण लावलं आणि छातीवर दगड ठेवून डेबीच्या हातात दिला. ती दारापर्यंत गेली.

"वन मिनिट!" मी धावले, आणि चहाच्या ट्रेमधली चिमूटभर साखर आत टाकली. त्यांचीच साखर होती. त्यांची त्यांना! हे रिकामंच म्हणायचं की!

त्यानंतर डबा आला नाही. जेवण आलं, डबा नाही. म्हणजे मोरिताबाई दुखावल्या. एवढ्या मिठाईच्या बदल्यात चिमूटभर साखर, आणि तीही त्यांच्याच घरची! पोरीची नोकरी मी माझ्या या दोन हातांनी घालवली. सकाळ होताच म्हटलं, निदान आंघोळ तरी करून यावी. श्रीकांतने टॉवेल उचलला.

"तू थांब. डबा आला तर घेऊ नकोस. आपण सुधारलोय, असं त्यांना वाटलं पाहिजे."

तो थांबला. संसार असाच होतो.

बायकांच्या बाजूला आधी बसून आंघोळ करायची, मग कुंडात उतरायचं, असा नियम. तिथे चक्क बुटकं लाकडी स्टूल आणि लाकडी बादली होती! तीस वर्षं शॉवरखाली उभी राहिलेली मी, बसून अंगावर पाणी ओतून घेताना जवळपास रडलेच. पाण्यात कपडे चालत नाहीत, आणि टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही, म्हणून तो घडी करून डोक्यावर. मी कुंडात हनुवटीपर्यंत उतरले. वाफ जराशी हलली आणि समोर आणखी एक घडी केलेला टॉवेल दिसला. त्याखाली पांढरे केस, आणि लॉबीतल्या फोटोतला चेहरा. मोरिताबाई!

पळून जावं म्हटलं तर काय नेसून जाणार?

"मुक्ता'ज मदर," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. टॉवेल सावरला. दोन दिवसांत पहिल्यांदाच आम्हा दोघींच्या हातात काहीही नव्हतं.

"सॉरी," मी म्हणाले. "बॉक्स. ऑलमोस्ट एम्प्टी."

"नॉट एम्प्टी," त्या म्हणाल्या. "शुगर." आणि हसल्या.

मग हळूहळू, एकेक इंग्रजी शब्द निवडत त्यांनी सांगितलं. इथे काम करणारी मुलं चांगली आहेत. वाकायला शिकतात, चहा ओतायला शिकतात. पण नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी घरच्या मिठाईचा डबा देतात आणि प्रत्येक जण तो धुऊन, पुसून, रिकामा आणून देतो. मुक्ताने आणून दिला तेव्हा आत खारे शेंगदाणे होते, मशीनमधून विकत घेतलेले. का, असं विचारलं तर म्हणाली, "आय डोन्ट नो. माय मदर वुड किल मी."

"सो," मोरिताबाई म्हणाल्या, "आय वॉन्ट टु सी मदर."

मुक्ता! 'नोबडी डज धिस' म्हणणारी! मला वर्षानुवर्षं वाटायचं की या पोरीने आमच्या घरातून काही घेतलंच नाही. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर, लोणच्याला हात नाही, सणाला फोनवर 'हॅपी पाडवा'. आणि घेतलं ते नेमकं हे! गरम पाण्यात रडण्याची सोय चांगली असते, कळत नाही कुणाला.

"तिला ठेवणार ना?" मी विचारलं.

"ओ, डिसायडेड. फर्स्ट वीक."

"मग हे दोन दिवस डबे?"

मोरिताबाईंनी इकडेतिकडे बघितलं. "लाडू वेरी गुड," त्या हळूच म्हणाल्या. "आय वेट, नेक्स्ट व्हॉट कम्स." मग जरा गंभीर झाल्या. "पीनट बटर वन, नो."

एवढं मोठं काही या बाईंनी मला दिलं होतं, आणि माझ्याजवळ परत द्यायला काहीही नव्हतं. मला पाण्यात बसवेना. शेवटी मी पाठीकडे बोट दाखवलं. "मे आय? बॅक?" दर दिवाळीला मी घरादाराच्या पाठी चोळल्यात, त्यात मी कुणाला हार जाणार नाही. त्या उठून स्टुलावर बसल्या. मी त्यांची पाठ अशी काही चोळली की त्या "आऽऽह" म्हणाल्या. मग त्या उभ्या राहिल्या आणि स्टुलावर थाप मारली.

"नाऊ, यू."

"नो, नो, नो!"

"नाऊ. यू."

मला शोधत मुक्ता आत आली तेव्हा तिची मालकीण माझी पाठ घासत होती आणि मी "जरा वर, जरा डावीकडे" असं मराठीत सांगत होते. "ओ माय गॉड," असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

खोलीत परत आले तर श्रीकांत टॉवेल घेऊन बसला होता आणि पुढ्यात डबा! या वेळी मोठा, तीन मजली.

"घेऊ नकोस म्हटलं होतं ना?"

"डेबी गुडघ्यांवर बसली होती. मी घेतला नसता तर ती उठली कशी असती?" तिला उठवताना त्याची कंबर पुन्हा धरली होती, आणि चेकआउटची वेळ झाली होती. डबा आमच्याबरोबर गाडीत आला.

त्या संध्याकाळी श्रीकांत अ‍ॅशबर्नच्या घरी प्लास्टिकच्या टबात पाय बुडवून बसला होता. तेवढ्यात मुक्ताचा फोन आला.

"आई, आय गॉट इट! आय एम पर्मनंट! आता तो डबा फक्त मेल कर. एम्प्टी. प्रॉमिस?"

"हो गं, अगदी रिकामा," मी म्हणाले आणि घाईघाईने फोन ठेवला. गॅसवरचं बेसन खाली लागत होतं.