स्टेन्सिलची लाल बाटली

बारावीनंतर मी आणि माझी मैत्रीण टायपिंगच्या क्लासला जायला लागलो. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत मुलीला नोकरी हवी तर आधी टायपिंग, असा सरळ हिशेब होता. ती मालगुंडहून एसटीने यायची आणि आल्या आल्या त्या दिवशीच्या कंडक्टरची नक्कल करून सगळ्या बॅचला हसवायची.

क्लास सरांच्या घराच्या माडीवर भरे. स्टेन्सिलवरची, म्हणजे प्रती काढायच्या मेणकागदावरची, चूक बुजवायला नेलपॉलिशसारखी लाल बाटली असायची. तिचा उग्र, गोडसर वास हुंगला की डोकं हलकं होतं, हा शोध मैत्रिणीचा. मीही दोनदा हुंगून पाहिलं. आम्ही उगाचच हसत सुटलो आणि माझ्या अर्जात ‘महोदय’ऐवजी ‘महोदर’ उमटलं. सरांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवत विचारलं, “हा अर्ज मला केलायस काय?”

माझं डोकं रात्रभर ठणकलं, म्हणून मी तो नाद सोडला. तिने सोडला नाही. डोकं तिचंही दुखायचं, पण दोष ती एसटीच्या खड्ड्यांना द्यायची. टायपिंगचा वेग कमी व्हायला लागला, नकलाही बंद झाल्या.

एका दुपारी ती कोपऱ्यातून उठली ती पांढरीफटक. छातीत धडधडतंय म्हणाली आणि मटकन खाली बसली. मी धावत खाली गेले. सरांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती, सकाळची ड्युटी आटपून नुकतीच आली होती. तिने वर येऊन खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाजूला केलं आणि कोणी ओरडू नका, तिला दचकवू नका, असं बजावलं. मग मला विचारलं, हिने काय घेतलंय. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती मानेनेच नको म्हणत होती. मी सांगून टाकलं.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ठोके ठीक झाल्यावर नर्सबाई तिच्या खाटेवर बसल्या. रागावल्या नाहीत.

“डोकं हलकं होतं ना, ते मेंदू गुदमरतो म्हणून गो,” त्या म्हणाल्या. “आणि हृदयाचा ठोका बिघडला तर ते तिथल्या तिथे थांबतं. पहिल्या खेपेलासुद्धा. तू वाचलीस, एवढंच.”

मैत्रीण माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. घरी कळलं तर क्लास बंद, ही तिची भीती. पण त्या रविवारी नर्सबाई स्वतः एसटीने मालगुंडला गेल्या. तिच्या आईने सगळं ऐकून घेतलं, थोडी रडली, मग पाहुणीला मासळीची आमटी-भात वाढला आणि क्लास चालू राहील, पण हिला सरांच्या समोरच्या मशीनवर बसवा, असं सांगितलं. सरांनी बाटल्या कपाटात ठेवल्या. ज्याची चूक होईल त्याने स्टेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जायचं आणि ते स्वतः खिडकीपाशी उभे राहून ती बुजवायचे. ऊठबस टाळायची म्हणून आमच्या चुकाच कमी झाल्या.

महिन्याभरात तिचं डोकं दुखायचं थांबलं. कंडक्टर परत आला, आता त्याच्या जोडीला सरांची खिडकीपाशी उभं राहण्याची ढबही. परीक्षेत ती पहिल्या झटक्यात पास झाली आणि वर्षभरात तिला दापोलीला ऑफिसात नोकरी लागली. मी नापास झाले. निकालाच्या दिवशी सरांनी तिला पेढा दिला आणि मला परीक्षेचा नवा फॉर्म. तिने अर्धा पेढा माझ्या तोंडात कोंबला.