तीन शब्दांच्या अलीकडचं

सोलापुरात सात रस्ता चौकात मेडिकलसमोर रिक्षाची वाट बघत उभी होते, गुडघ्याच्या गोळ्या पर्समध्ये टाकत, तेव्हा सिद्रामचा फोन आला. "मॅडम, सर गेले की ओ. सकाळी चहा घेतला आन् बसल्या जागीच..." पुढं त्याला बोलवेना. मला रडू आलं नाही, खोटं कशाला सांगू. आधी मनात आलं ते एवढंच, की सर, शेवटी तुम्ही लिहून ठेवलंच नाहीत. राग आला होता मला. सात आठवडे झाले, अजून पुरता गेलेला नाही.

वाघमोडे सर आम्हाला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मूळचे मंद्रूपकडचे. घरची मेंढरं, वडील घोंगड्या विणायचे. चारशे वर्षांपूर्वीच्या ज्या इंग्रज नाटककाराचं नाव अजून जगभर घेतात, तो सरांच्या लेखी हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा होता. "त्याच्या घराला कातड्याचा वास, माझ्या घराला लोकरीचा. आमचं जमणारच की," म्हणायचे. वर छप्पर नसलेलं थिएटर, तीन-तीन तास उभं राहून नाटक बघणारी गर्दी, लुगडी नेसवावीत तसे झगे घालून बायका झालेली पोरं, प्लेगची साथ आली की थिएटरच्या दाराला लागणारं कुलूप... हे ते असं सांगत की लंडन म्हणजे बार्शीच्या पलीकडचं एखादं गाव वाटावं. त्या माणसावरच त्यांनी मराठीत नाटक रचलं. म्हातारपणी तो लिहिणं सोडून गावाकडं बायकोजवळ परत येतो, इतकीच गोष्ट. नाटककार सर स्वतः, बायको मी, थिएटरचा मालक सिद्राम, आणखी दोघं, त्यातला एक नाटककाराचा भाऊ. शाळांच्या पटांगणात, जत्रेत, कुठं-कुठं केलं आम्ही ते. सिद्राम दिवसा आडतीवर बसायचा आणि प्रयोगाला थेट बैलगाडीतून उतरायचा.

पण सरांची एक खोड होती. त्या काळी म्हणे नटाला अख्खं नाटक देत नसत. हातानं नकला उतरवायला वेळ लागे, शिवाय दुसरी मंडळी चोरतील ही भीती. ज्याला त्याला फक्त स्वतःची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे तीन शब्द. ते कानावर पडले की आपण सुरू करायचं. सरांनी हे जसंच्या तसं सोलापुरात आणलं. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या उभ्या पट्ट्या कापायच्या, पाठच्या कोऱ्या बाजूला लिहायचं, पट्टी सुताच्या रिकाम्या कांडीला गुंडाळायची आणि एकेकाच्या हातात द्यायची. "समोरचा काय बोलणार ठाऊक नसलं की माणूस नीट ऐकतो," असा त्यांचा सिद्धांत. स्वतःची कांडी त्यांनी केलीच नाही. "माझं माझ्या तोंडात आहे." दर प्रयोगाला त्यांचं बोलणं बदलायचं, शेवटचे तीन शब्द तेवढे पक्के. मी किती वेळा डोकं फोडलं असेल, सर, एक पूर्ण प्रत करा. ते हसायचे. "त्यानं तरी कुठं केली होती? तो गेल्यावर त्याच्या दोन सोबत्यांनी कागद गोळा केले, म्हणून जगाला मिळाला तो. तू आहेस, सिद्राम आहे. करा की गोळा." मीही हो म्हणून बसले. चाळिशीत माणूस कशालाही हो म्हणतं.

तेराव्यानंतर लागलो कामाला. मी एसटीनं बार्शीला गेले, तिथं एकाची कांडी पोटमाळ्यावर निघाली, निम्मी उंदरांनी खाल्लेली. दुसऱ्याच्या सुनेनं ती कधीच रद्दीत घातली होती. सिद्रामनं त्याची देवघरात ठेवली होती, हळद-कुंकू लावून. मग सरांच्या खोलीत त्यांच्याच टेबलावर सगळ्या पट्ट्या उलगडून आम्ही दोघं जुळवत बसलो. उरल्या तेवढ्या जुळल्या. मालक बोलतोय, भाऊ बोलतोय, बायको बोलतेय. आणि नाटककार? दर वेळी तीन शब्द. अख्ख्या नाटकात त्याच्या बोलण्याची नुसती शेपटं उरली होती.

"मॅडम, तुमचे तर समदे शीन सरांबरूबर," सिद्राम म्हणाला. "तुमाला आटवत आसंल की."

आठवायला बसले. आवाज आठवला, बोलताना डाव्या हातानं धोतराचा सोगा चाचपायची सवय आठवली. शब्द एकही नाही. तेव्हा कळलं, आणि कळल्यावर फार थकवा आला. ते बोलत असत तेव्हा मी डोळ्यांत डोळे घालून उभी असे, लोक म्हणत काय ऐकते ही बाई... आणि मी फक्त माझ्या तीन शब्दांची वाट बघत असे. चुकायला नको, एवढंच डोक्यात. "मी ऐकलंच नाही रे कधी," मी सिद्रामला म्हटलं. तो मान खाली घालून पट्टी गुंडाळत राहिला. त्यालाही तेच म्हणायचं असावं.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या. त्या नाटकात कधी नव्हत्या. पडद्याआड कपडे सांभाळत बसायच्या, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. कप ठेवून म्हणाल्या, "मला कुनी इच्यारलंच न्हाय."

सिद्रामनं कोरा कागद ओढला. त्या सरांच्या खुर्चीचा हात धरून उभ्या होत्या.

"रोज येगळं बोलायचं ते. ह्ये अक्कलकोटच्या टायमाचं हाय. गावाकडं येतो आन् बायकूला म्हनतो, मी राजाला बोलतं केलं, भिकाऱ्याला केलं, मेलेल्यालाबी केलं. तुला मातूर कवा इच्यारलं न्हाय, तुला काय बोलायचंय ते. जलम गेला दुसऱ्यांची तोंडं लिवन्यात. दमलो बग. आता घरातच हाय मी. तू..." माझ्याकडं वळल्या. "आता दार लाव."

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "लावते. आधी हात धुवा, वाढलंय."

सिद्राम लिहून घेत होता. वहिनींनी पदर तोंडाला लावला. या एका वाक्यासाठी मी नेहमी टाळ्या घेतल्या होत्या. त्याच्या आधी नाटककार काय बोलायचा, हे मी आज पहिल्यांदा ऐकलं.