चौथीपर्यंतचं घर

वसमतला बदली झाली तेव्हा घर शोधताना मला एका प्रश्नाची सवय झाली होती. नाव सांगितलं की समोरचा आडनाव विचारायचा, आणि आडनाव ऐकलं की त्याला आठवायचं, खोली तर कालच दिली. आम्ही बौद्ध. माझी नोकरी सरकारी दवाखान्यात औषधं देण्याची. माझ्या हातच्या गोळ्या मात्र सगळ्यांना चालायच्या. चीड यायची, पण पुढच्या दारात पुन्हा हसतमुखानं उभं राहावं लागायचं.

म्हणून गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत, पांढऱ्या मिशांच्या एका घरमालकानं जे विचारलं त्यानं मी चक्रावलोच.

"लेकरू केवढं हाय?"

"पोरगी आहे. यंदा पहिलीला जाईल."

"मंग या की राहायला."

आडनावाचा विषयच नाही. बायको म्हणाली, "काहीतरी भानगड असणार." मलाही तसंच वाटलं आणि मी चौकशीला लागलो. नसत्या चौकशा हा माझा जुना आजार.

भानगड शाळेची निघाली. कॉलनीच्या टोकाला जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंतची. तिथले गुरुजी आणि बाई इतका जीव लावून शिकवायचे, की हट्टा गावाकडची माणसंसुद्धा लेकरांसाठी इथं किरायानं राहायला यायची. शाळेमुळे खोल्यांना गिऱ्हाईक, शाळेमुळेच प्लॉटला भाव. पण मुलांचा पट घसरला तर एक शिक्षक दुसरीकडे जाणार, आणि गुरुजीच गेले तर या माळावर राहायला येतो कोण? म्हणून सगळ्या घरमालकांनी देवळाच्या ओट्यावर बसून ठरवून टाकलं होतं: या शाळेत जाणारं लेकरू असेल त्यालाच खोली. एका बँकेतल्या साहेबाला, त्याची मुलं कॉलेजात आहेत म्हणून, चहा पाजून परत पाठवलं होतं. हे ऐकून मी मनापासून खूश झालो.

लेक शाळेत रमली. मालकांना ती आबा म्हणू लागली. बुद्धाची तसबीर लावायला मी भिंतीत खिळा ठोकायला निघालो, तर हातोडी त्यांनी स्वतः आणून दिली. आपल्याला घर मिळालं, असं मी तेव्हा धरून चाललो.

ती चौथीत असताना, दिवाळीनंतर, मालक चहाला आले. बराच वेळ सोयाबीनच्या भावाचं बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात खोली मोकळी करून द्या. तुमची तकलीफ कळते मला. पण जवळा बाजार गावचं एक कुटुंब यायचं हाय. त्यांचं लेकरू पहिलीला हाय. आमचं असंच ठरलंय, तुमाला ठाऊक हाय."

मला ठाऊक होतं. त्याच नियमाच्या जोरावर मी इथं आलो होतो, भांडणार कशावर? पुन्हा ती दारं, पुन्हा तो प्रश्न.

दप्तर आवरता आवरता लेक सगळं ऐकत होती. ती आबांपाशी गेली. "आबा, मी चौथीतच राहिले तर?"

त्यांनी तिला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरून आलेले मला दिसले.

"न्हाई माय," ते म्हणाले, "चांगले मार्क घे. तुमचा निकाल चांगला लागला तरच नवी माणसं येतात इथं."