तार कुठून आणली?

सत्याशी बेइमानी करणाऱ्याला विज्ञान कधीही प्रसन्न होत नाही — हे वाक्य मी शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनांत पाहुणा म्हणून पुष्कळदा ऐकवलं आहे. मुलं टाळ्या वाजवतात. आता खरं सांगतो, जे बायकोलाही कधी सांगितलं नाही — मी आयुष्यात पहिल्यांदा बनवलेली मोटर मी खोटं बोलत असताना छान फिरत होती.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. पिंपरीच्या शाळेत नववीला होतो. भौतिकशास्त्राच्या सरांनी जोडीजोडीने साधी मोटर करायला सांगितली — टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. माझा जोडीदार दापोडीचा दत्ता. मोटर फिरवली त्याने. तार माझी.

माझी म्हणजे — वडिलांची. म्हणजे कंपनीची. वडील मोशीच्या शेतातून उठून विजेच्या मोटरी बनवणाऱ्या कंपनीत, तार गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कायम झालेले. डब्यात, भाकरीच्या फडक्याखाली घालून त्यांनी मूठभर तार गेटबाहेर काढली. भंगारातलीच, पण गेटवर सापडलं की भंगारसुद्धा चोरीच. मग काय, चोर म्हणायचं त्यांना? म्हणा.

मोटरी प्रदर्शनात मांडल्या. पाहुणे कोण? त्याच कंपनीचे मोठे साहेब. गळ्यात हार, मागे हेडमास्तर, त्यांच्यामागे कंपनीचा सिक्युरिटी ऑफिसर — शाळेत त्याचं काय काम होतं, देव जाणे. साहेब आमच्या टेबलावर वाकले.

"वा! फिरते की! तार कुठून आणली रे?"

साहेबांनी कौतुकाने विचारलं होतं. ऑफिसर मात्र तारेकडेच बघत होता. मी म्हणालो, "दत्ताच्या वडिलांनी आणली, सर. कंपनीतून."

दत्ताचे वडील तिथेच बदली कामगार — कुणी रजेवर गेलं की बोलावणं यायचं. अशा माणसाला काढायला कागदही लागत नाही. हे मला माहीत होतं का? होतं. म्हणून तर तेच नाव तोंडात आलं. दत्ता खाली मान घालून वेटोळं बघत राहिला.

संध्याकाळी वडिलांना सांगितलं. ते जेवत होते.

"त्याचं नाव घेतलंस व्हय," ते म्हणाले. मग भाकरी मोडून, "बरं. कालवण वाढ."

दत्ताच्या वडिलांचं बोलावणं बंद झालं. दत्ताने मला शाळेच्या नळावर गाठलं. "खरं सांग की लेका जाऊन. बाप घरी बसलाय."

"मग तू का नाही बोललास तेव्हाच?"

"तुझ्या बापाचं नाव घेऊ व्हय मी?" तो म्हणाला.

सहामाहीनंतर तो शाळेत आला नाही.

आता तुम्ही मान हलवाल. हलवा. घरात एकच पगार आणि खाणारी तोंडं त्याच्याकडे लागलेली — अशा वेळी कुणाचा बाप वाचवला असतात तुम्ही? सुविचाराच्या फळ्यावर याचं उत्तर सोपं असतं. मी माझा बाप वाचवला. त्याबद्दल मी कुणापुढे नाक घासणार नाही — तेव्हा नाही घासलं, आता या वयात काय घासू?

फक्त एक आहे. "पुण्याहून विकत आणली" असंही म्हणता आलं असतं. पेठेतल्या दुकानांत तशी तार मिळायची. कुणाच्याच बापाचं काही गेलं नसतं. हे मला घरी जाताना, अर्ध्या वाटेतच सुचलं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना तसं सांगायलाही उशीर झाला नव्हता. मी गेलो नाही. भीती वाटली म्हणावं, तर भीतीही फारशी नव्हती. निभावलं होतं — मग कशाला उकरा?

वडील वाइंडिंग खात्यातूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. खाली पितळी पट्टीवर कोरलं आहे — प्रामाणिक सेवेबद्दल. ते अजून अचूक वेळ दाखवतं.